बटणवाले

आमच्या ह्यांना हॉस्पिटलात नावाने कुणी ओळखत नाही. सगळे 'बटणवाले' म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, माझ्या शिवणकामावरून ह्यांची टिंगल चाललीय. आसपासच्या शाळांचे गणवेश मी घरी शिवते, त्यामुळे बटणं लावण्याचं खातं माझं. पण ती बटणं वेगळी होती, आणि ती हॉस्पिटलाच्या भिंतींना लावलेली होती.

हॉस्पिटलातल्या सगळ्या कॉम्प्युटरांचा कारभार ह्यांच्याकडे. कुठल्या मशीनवर काय उघडेल, कुणाला काय दिसेल, कुठला कागद कुठल्या प्रिंटरवर निघेल, सगळं ह्यांच्या खोलीतून ठरतं. पूर्वी एका मशीनला एक काम असायचं आणि ते जागचं हलायचं नाही. मग लॅपटॉप आले. सकाळी नोंदणीला, दुपारी वॉर्डात, संध्याकाळी आणखी कुठेतरी. जिथे जातील तिथून नर्सबाईंचा फोन, 'अहो, आमचं पान उघडत नाहीये.' पळून पळून ह्यांच्या चपला झिजल्या. शेवटी ह्यांनीच युक्ती मांडली की मशीन ज्या खोलीत जाईल, त्या खोलीचं काम त्याने आपलं आपण सुरू करावं. वरच्यांना ती पसंत पडली.

आता मशीनला कळणार कसं, आपण कुठे आहोत ते? त्यासाठी ही बटणं. कागदोपत्री त्यांना बीकन म्हणतात. मोठ्या नाण्याएवढी पांढरी चकती, आत घड्याळात असतो तसला चपटा सेल. ब्लूटूथवरून ती दिवसभर आपलं नाव पुकारत बसते. मी नोंदणी, मी नोंदणी. मी सोनोग्राफी, मी सोनोग्राफी. ज्या चकतीची हाक सगळ्यात जवळून येईल, त्या खोलीत आपण आहोत असं मशीन धरून चालतं आणि तिथलं पान उघडतं. हॉस्पिटलाबाहेर नेलं, हाका बंद झाल्या, की कुलूप. एवढाच सगळा प्रकार. हे समजल्यावर मी म्हटलं, "म्हणजे तुमचं मशीन आंधळं आहे म्हणा की. हाकेवर चालतंय." तर हे रुसले. मशीनला नावं ठेवलेली ह्यांना खपत नाहीत. माझ्या भाजीला ठेवलेली चालतात.

बटणं लावण्याच्या दिवसांत ह्यांचं पाऊल जमिनीवर नव्हतं. शिडी घेऊन खोली खोली फिरायचे, दाराच्या वर, खांबाच्या मागे, पंख्याच्या खटक्याशेजारी बटण चिकटवायचे, मग लॅपटॉप हातात धरून मागे पुढे चालत बघायचे की कुठे पान बदलतं. तेव्हाच हे नाव पडलं. कमरेला एक चामडी पाकीट बांधलेलं असायचं, त्यात स्क्रू ड्रायव्हर, सुटे सेल आणि बंद पडलेली एखाद दुसरी बटणं. ते पाकीट जेवतानाही सुटायचं नाही. जेवताना वाक्य ठरलेलं असायचं, "मशीन चुकत नाही. मशीनपुढे बसलेलं माणूस चुकतं." मी वाढत असायचे. वाटायचं, एक दिवस हे वाक्य ह्यांच्याच ताटात वाढावं.

आता ताईंबद्दल सांगायला हवं. ताई म्हणजे ह्यांची मोठी बहीण. सासरे लवकर गेले आणि थोड्याच वर्षांत सासूबाईंची आठवण जायला लागली. आधी किल्ल्या, मग रस्ते, मग माणसं. ताईंनी शिक्षण सोडलं आणि हॉस्पिटलात नोंदणीच्या काउंटरवर नोकरी धरली. ह्यांना शिकवलं, आईचं सगळं केलं, लग्नाचं कुणी काढलं तर हसून विषय बदलला. शेवटी शेवटी सासूबाई ताईंच्या हातचा घास घेऊन त्यांनाच विचारायच्या, "बाई, तुम्ही कुणाच्या?" ताई सांगायच्या, "तुमचीच." हे मला ताईंनी कधी सांगितलं नाही. ह्यांनी सांगितलं, तेही एकदाच.

काउंटर हे ताईंचं राज्य होतं. पेशंट लांबून दिसला की त्या त्याचं पान उघडायच्या. कुणाला कमी ऐकू येतं, कुणाला बसायला लागतं, कुणाच्या बरोबर आलेला मुलगा फुकटचा आवाज चढवतो, सगळं त्यांना पाठ. रांग कितीही असो, ताईंचा आवाज एका पट्टीत. आमच्यासमोरच्याच खोलीत त्या राहतात. आमची मुलगी चिमणी शाळेत जायला लागल्यापासून तिला सोडणं-आणणं ताईंकडे, आणि त्यांचा दुपारचा डबा माझ्याकडे. तो डबा हे जेवणाच्या सुटीच्या आधी काउंटरवर नेऊन द्यायचे. दिला आणि निघाले असं नाही. दोन्ही कोपरं काउंटरवर टेकवायची, पोट काउंटरच्या कडेला लावायचं आणि बहिणीशी गप्पा मारायच्या. मी एकदा बघितलंय. हॉस्पिटलात एवढे ताठ चालणारे हे, त्या काउंटरवर शाळकरी पोरासारखे रेलायचे.

बटणं लागली आणि काही दिवसांनी ताईंचं मशीन बिघडायला लागलं. पेशंटचं नाव अर्धं टाइप झालेलं असताना नोंदणीचं पान नाहीसं व्हायचं आणि सोनोग्राफीचं पान समोर यायचं. नोंदणीची चिठ्ठी सोनोग्राफीच्या, म्हणजे वरच्या मजल्यावरच्या प्रिंटरवर निघायची. ताई गडबडून म्हणायच्या, "अरे, बघ रे हे काय झालं." हे समोरच असायचे. कोपरं उचलून, वळसा घालून आत यायचे, ताईंना खुर्चीवरून उठवायचे. तोवर पान आपोआप जागेवर आलेलं असायचं.

"काय दाबलंस?"

"काही नाही रे दाबलं."

"ताई, काही दाबल्याशिवाय असं होत नाही. बघ, मी हात लावला आणि नीट झालं."

असं पुन्हा पुन्हा व्हायला लागलं. सुरुवातीला ताई भांडल्या. मग म्हणायला लागल्या, "दाबलं असेल बाबा, लक्षात नाही." पुढे पुढे त्या एका बोटाने टाइप करायच्या आणि पुढचं अक्षर शोधेपर्यंत दोन्ही हात मांडीवर ठेवून त्यांच्याकडे बघत बसायच्या. स्वतःच्या हातांवर पहारा ठेवल्यासारखं. हे मला नंतर तिथल्या एका नर्सबाईंनी सांगितलं. ते ह्यांच्या डोळ्यांसमोर चाललं होतं, पण ह्यांना मशीन दिसायचं, बहीण दिसायची नाही.

एके दिवशी एका म्हाताऱ्याची चिठ्ठी अशीच वर निघाली. तो बिचारा खाली बाकावर आपला नंबर येण्याची वाट बघत बसला. डॉक्टर निघून गेले तरी बसलाच होता. त्याचा जावई आला आणि सगळ्या रांगेसमोर ताईंना म्हणाला, "बाई, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?" ताईंनी त्या म्हाताऱ्याची माफी मागितली, जावयाची मागितली, आणि आत जाऊन बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

अधीक्षकांनी ह्यांना बोलावून विचारलं, मशीनमध्ये काही दोष आहे का? ह्यांनी ताठ मानेने सांगितलं, "माझी सख्खी बहीण आहे म्हणून मी बाजू घेणार नाही. मशीन ठीक आहे. ताईला आता ते झेपत नाही." हे मला ह्यांनीच रात्रीच्या जेवणाला ऐकवलं, वर म्हणाले की माणसाने नोकरीत असं निःपक्षपाती असावं. मी विचारलं, "ताईंना काय वाटलं?" तर म्हणाले, "तिला पण पटलंय." ताईंना काउंटरवरून काढून धुण्याच्या खोलीत पाठवलं, वॉर्डांच्या चादरी मोजून द्यायला. इतकी वर्षं माणसं सांभाळलेली बाई, आता चादरी. मला ह्यांचा इतका राग आला की दोन दिवस भाजीत मीठ कमी पडलं, आणि ते चुकून नव्हतं.

त्यानंतर ताई बदलल्या. चिमणीला शाळेतून आणायचं त्यांनी बंद केलं, गुडघे दुखतात म्हणाल्या. आमच्याकडे आल्या की निघताना दारापासून परत जायच्या, आपला गॅस बंद आहे का बघायला, आणि बघून आल्या की पुन्हा जायच्या. मग एके संध्याकाळी मी शिवणाच्या मशीनवर बाह्या जोडत बसले होते, तेव्हा त्या शेजारच्या स्टुलावर येऊन बसल्या.

"मी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिलाय," त्या म्हणाल्या. "महिनाअखेरीला सुटेन."

"अहो ताई, का? चादरींचा कंटाळा आला तर दुसरं काही मागून घेऊ."

"तसं नाही गं." त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला, म्हणून मी पाय थांबवले. "मला आईचं लागलंय."

मला आधी कळलंच नाही. मग सासूबाईंचं ते 'बाई, तुम्ही कुणाच्या?' आठवलं, आणि कळलं.

"कॉम्प्युटरची बटणं मी दाबते आणि मला आठवत नाही. एकदा नाही, किती वेळा झालं. आईचं असंच सुरू झालं होतं. डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांनी काही शब्द लक्षात ठेवायला सांगितले, त्यातला एक मला आठवला नाही. म्हणाले, घाबरू नका, लक्ष ठेवू, पुन्हा या. चिमणीला आणताना वाटेत विसरून आले तर मी काय करू? म्हणून नाही जात. गुडघ्यांना काय झालंय?" त्या हसायला गेल्या, पण ते जमलं नाही. "तू ह्याला सांगू नकोस. त्याने काउंटरवरून काढायला सांगितलं ना, त्याला उगाच वाटेल की त्याच्यामुळे मी मनाला लावून घेतलं."

मी सांगणार नाही म्हणाले. ताईंना दिलेला शब्द होता, मी पाळला. पाळला नसता तर बरं झालं असतं.

इकडे काउंटरवर एक नवी मुलगी आली होती. तोंडाने फटकळ, कामाला चोख. ताई काउंटरवरून गेल्यापासून ह्यांचं तिकडे जाणं थांबलं होतं, पण एक दिवस काहीतरी विचारायला हे तिथे गेले आणि सवयीने कोपरं टेकवून रेलले. थोड्याच वेळात त्या मुलीसमोर सोनोग्राफीचं पान.

"काय दाबलंस?" ह्यांच्या तोंडून निघून गेलं.

त्या मुलीला ह्यांच्या बहिणीने वाढवलेलं नव्हतं. तिने दोन्ही हात वर केले. "काही नाही दाबलं. हे बघा हात. मघापर्यंत चांगलं चाललं होतं, तुम्ही येऊन रेललात आणि ह्याला झटका आला. जरा लांब उभे राहा बघू, दृष्ट लागते तुमची!"

रांगेतली माणसं हसली. हे हसत हसत बाजूला झाले. पान नीट झालं. रांग आणखी हसली. ह्यांचं हसू मात्र तोंडावरच वाळलं.

हे आपल्या खोलीत आले, दार लावलं आणि कमरेचं पाकीट टेबलावर उपडं केलं. स्क्रू ड्रायव्हर, सेल, आणि सोनोग्राफीच्या खोलीतलं जुनं बटण. ते मध्येच बंद पडायचं म्हणून ह्यांनी काढून त्याच नावाचं नवं लावलं होतं, आणि जुनं मेलं म्हणून पाकिटात टाकलं होतं. ते मेलेलं नव्हतं. आतली स्प्रिंग सैल झाली होती, एवढंच. दाबलं की सेलला टेकायची आणि बटण हाक मारायला लागायचं. सोडलं की गप्प. ह्यांनी लॅपटॉप समोर ठेवला आणि अंगठ्याने बटण दाबून धरलं. सोनोग्राफी. अंगठा काढला. थोड्या वेळाने पान गेलं. पुन्हा दाबलं. सोनोग्राफी. ताईंच्या काउंटरवर रेललं की पाकीट कडेवर दाबलं जायचं, आणि तिथून लॅपटॉप हातभर अंतरावर. मागच्या खांबावरच्या बटणाची हाक ह्या हाकेपुढे फिकी पडायची. मग हे 'दुरुस्त' करायला ताठ उभे राहून आत यायचे, पाकीट सैल व्हायचं, बटण गप्प, पान जागेवर. बघ, मी हात लावला आणि नीट झालं.

किती वेळ हे अंगठा दाबत आणि सोडत बसले, ह्यांनाच माहीत नाही. मग उठले, मागच्या बाजूला गेले, आणि ते बटण भट्टीत जाणाऱ्या कचऱ्याच्या पिंपात टाकून आले.

घरी येऊन एक अक्षर बोलले नाहीत. उलट अधीक्षकांना सांगितलं की प्रोग्रॅममध्ये एक बारीक दोष सापडला होता, तो काढलाय. अधीक्षकांनी शाबासकी दिली. ती घेऊनही घरी आले. जेवण मात्र उतरत नव्हतं. मी विचारलं तर म्हणाले, पित्त झालंय. मी रोज पित्तावरचं काढा-पाणी करून देत होते आणि हे ते निमूट पीत होते, शिक्षा असल्यासारखं.

ताईंचा शेवटचा आठवडा आला. धुण्याच्या खोलीतल्या बायका निरोपाची तयारी करायला लागल्या. हे म्हणाले, "ताईला आता आराम मिळेल, बरंच झालं," आणि मी शब्द मोडला. मी सगळं सांगून टाकलं. ताईंना आराम नकोय, ताईंना वाटतंय की आपल्याला आईचं दुखणं लागलंय, त्या डॉक्टरांकडे जाऊन आल्यात, आपल्या पोरीला हात लावायला घाबरतात.

हे उभे होते ते भिंतीला टेकत खाली बसले. मग जमिनीकडे बघत सगळं बोलले, काउंटर, पाकीट, अंगठा, पिंप. माझ्या हातात कापड कापायची कात्री होती. ती मी खाली ठेवली, कारण मला स्वतःचा भरवसा नव्हता.

"कळून किती दिवस झाले?" मी विचारलं.

हे जमिनीवरची एक चिंधी उचलून तिची घडी घालायला लागले.

"अहो, विचारतेय मी! तिकडे ती बाई रोज स्वतःला वेडी समजत झोपतेय, आणि तुम्ही इथे माझ्याकडून काढे करून पिताय? लाज नाही वाटली?"

"वाटली," हे म्हणाले. "म्हणूनच नाही बोललो."

मी म्हटलं, "उठा. आत्ताच्या आत्ता." मी चिमणीला शेजारी बसवलं आणि ह्यांच्या मागोमाग गेले, मधेच परत फिरतील म्हणून.

ताई मटार सोलत बसल्या होत्या. ह्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं. अडखळत सांगितलं, पण सगळं सांगितलं. ताईंनी मटाराची शेंग हातातच धरून ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सांगितलंस ना ह्याला? सांगू नकोस म्हटलं होतं."

"ताई, हे खरं बोलतायत."

"हो का?" त्या ह्यांना म्हणाल्या. "मग कुठंय ते बटण?"

"टाकून दिलं. जळलं असेल."

ताई हसल्या. इतकं मायेचं हसू मी त्यांच्या तोंडावर कित्येक दिवसांत बघितलं नव्हतं. "अरे वेड्या, आईच्या वेळी पण तू हेच करायचास. तिच्याकडून दूध उतू गेलं, की तू म्हणायचास, आई, गॅस मी मोठा केला. तिने किल्ल्या हरवल्या, की म्हणायचास, मी लपवल्या. एवढासा होतास. तिला खरं वाटायचं. मला नाही वाटत रे."

दुसऱ्या दिवशी हे दुसरं बटण आणि एक लॅपटॉप घेऊन ताईंच्या टेबलावर मांडून बसले. बटण जवळ नेलं, पान बदललं. लांब नेलं, पुन्हा बदललं. ताईंनी कौतुकाने बघितलं. "छान केलंयस. पण हे तू आज आणलंस. तेव्हा पाकिटात होतं कशावरून?" ह्यांनी त्या फटकळ मुलीचं नाव काढलं. ताईंनी तिला विचारलं, तर ती म्हणाली, "मी आपली गंमत केली होती."

मग हे अधीक्षकांकडे गेले. अधीक्षक म्हणाले, "आधी तुम्ही सांगितलंत मशीन ठीक आहे. मग म्हणालात प्रोग्रॅममध्ये दोष होता, काढला. आता म्हणता बटण तुमच्या कमरेला होतं, आणि ते आता नाहीये. मी कुठलं खरं धरू?" मग खुर्चीतून उठून ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "बहिणीसाठी स्वतःच्या अंगावर घेताय, कळतंय मला. पण अर्ज त्यांचा आहे. परत घ्यायचा तर त्यांनी घ्यावा."

ही गोष्ट शिपायापासून नर्सबाईंपर्यंत पसरली. आणि काय पसरली? की बटणवाल्यांनी बहिणीची नोकरी वाचवायला सगळा दोष स्वतःवर घेतला, भाऊ असावा तर असा! वाटेत माणसं थांबवून ह्यांचा हात हातात घ्यायला लागली. जन्मभर ज्या मानासाठी हे मान ताठ ठेवून चालले, तो मान आता मिळत होता आणि हे चोरासारखे मागच्या दाराने घरी यायचे. मला दया यायला हवी होती. आली नाही. मी म्हटलं, "घ्या अजून हार घालून."

निरोपाच्या आदल्या संध्याकाळी ताई आमच्याकडे आल्या. डोळे सुजलेले. धुण्याच्या खोलीत त्यांना बायकांनी सगळं सांगितलं होतं. चिमणी माझ्या पायाशी चिंध्या घेऊन खेळत होती.

"तू अधीक्षकांपुढे स्वतःचं नाव खराब केलंस?" त्या ह्यांना म्हणाल्या. "कशासाठी? मी तुला मागितलं होतं का?"

"ताई, मी खोटं बोलत नाहीये गं."

"पुन्हा तेच. मग घे शपथ. घे ह्या चिमणीची शपथ."

त्यांना वाटलं असणार, इथे तरी हा थांबेल. हे क्षणभरही थांबले नाहीत. "चिमणीची शपथ. बटण माझ्या पाकिटात होतं."

ताईंनी वाकून चिमणीला ओढून पोटाशी धरलं. किती दिवसांनी! पण त्यांना त्याचं भान नव्हतं. त्या ह्यांच्यावर ओरडल्या. ताईंना ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"लाज नाही वाटत? आईसाठी खोटं बोलायचास तेव्हा पोर होतास. आता बाप झालास! माझ्यासाठी पोरीची खोटी शपथ घेतोस? परत घे. आत्ता म्हण, खोटं होतं. म्हण!"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली नाही. होही नाही, नाहीही नाही. ज्याचं त्याने बोलावं.

"नाही म्हणणार," हे म्हणाले. "खोटं असतं तर म्हटलं असतं. तिच्या केसाला धक्का लागलेला मला चालेल का, ताई?"

ताई ह्यांच्याकडे बघत राहिल्या. चिमणी त्यांच्या पदराशी चाळा करत होती. मग ताईंनी तिच्या मुठीतून पदर सोडवला.

"म्हणजे मी काही दाबलंच नव्हतं?"

"नाही."

"एकदाही?"

"एकदाही नाही."

"माझं डोकं ठीक आहे?"

"तुझं ठीक आहे, ताई. माझं नव्हतं."

ताई मटकन स्टुलावर बसल्या आणि चिमणीच्या केसांत तोंड खुपसून रडल्या. भेदरलेलं पोरही रडायला लागलं. मी पाणी आणलं. ते प्यायल्यावर त्यांनी पदराने डोळे पुसले, चिमणीचे पुसले, आणि मला म्हणाल्या, "उद्या सकाळी मला अर्ज परत घ्यायला जायचंय. हिला शाळेत सोडून जाईन." मग ह्यांच्याकडे वळल्या. आवाज पुन्हा त्या काउंटरवरच्या एका पट्टीत आला होता.

"बटण पाकिटात राहिलं, ते समजलं. चूक कुणाचीही होते. मला एवढंच सांग, तुला कळलं होतं, आणि मी समोरच्या खोलीत होते. मग ते जाळलंस कशाला?"

ताई उत्तरासाठी थांबल्या होत्या, चिमणीला कडेवर घेऊन, दारात.